आळशी डोळा : कारणे आणि कर्तव्य

शाळेत डोळ्यांची तपासणी चालू आहे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला आहे आणि त्यापासून सहा मीटरांवर चौथीच्या वर्गातील मुले एकामागून एक येऊन उभी राहत आहेत. एक मुलगा डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने अगदी खालच्या ओळीपर्यंतची अक्षरे न अडखळता वाचून दाखवतो. मग त्यास उजवा डोळा झाकण्यास सांगितले जाते. आता तो घुटमळतो, मान तिरपी करतो, झाकल्या हाताच्या बोटांच्या फटीतून हळूच डोकावतो. तपासणाऱ्यास वाटते, पोरगा खोडकर आहे. शिक्षकांस वाटते, त्याचे लक्ष नाही. तळहाताने डोळा नीट झाकून घेतला, तेव्हा मात्र पहिल्या दोन ओळींपलीकडे त्यास काहीच वाचता येत नाही. या गोष्टीची घरात कोणास कल्पना नसते. खुद्द मुलासही ती नसते. कारण कळू लागल्यापासून त्याने जग असेच पाहिलेले असते.

पुढे नेत्रवैद्य त्याचा डावा डोळा बारकाईने तपासतात. बुबुळावरील पारपटल स्वच्छ असते, आतील भिंग नितळ असते, मागचे दृष्टिपटल निरोगी असते. योग्य नंबराचे भिंग डोळ्यासमोर धरले, तरी खालच्या ओळी त्यास लगेच दिसू लागत नाहीत. डोळा धडधाकट आणि दृष्टी मात्र अधू, अशा या अवस्थेस दृष्टिमांद्य म्हणतात. लोकांच्या बोलण्यात तिचे नाव 'आळशी डोळा' असे आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा गोषवारा घेतला, तर शंभर मुलांमागे एक ते चार मुलांत हा दोष आढळतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे एखादे मूल असणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

या विकाराची कारणे नीट ध्यानात घेतली, तर एक निष्कर्ष टाळता येत नाही. मूल वाचू-लिहू लागेपर्यंत त्याच्या डोळ्यांची पहिली तपासणी लांबणीवर टाकणे म्हणजे ती उशिरा करणे होय. पुढील विवेचनाचा हेतू हा निष्कर्ष कसा निघतो ते दाखवणे, एवढाच आहे.

नावातील घोटाळा

या विकाराचे शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतून आले असून त्याचा अर्थ केवळ 'बोथट दृष्टी' असा आहे. त्यात कोणावर ठपका नाही. 'आळशी डोळा' या शब्दांत मात्र ठपका आहे. आळशी मनुष्याने मनावर घेतले तर तो काम करू शकतो, असे गृहीत धरलेले असते. म्हणून 'नीट बघ', 'डोळे ताणून बघ' अशी दटावणी मुलाच्या वाट्यास येते. वास्तविक हा डोळा आपले काम चोख करीत असतो. त्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश पडतो, तेथून मज्जातंतूंवाटे संदेशही निघतो. परंतु मेंदूच्या ज्या भागात त्या संदेशाचा अर्थ लागावयाचा, तेथे त्यास पुरेशी दाद मिळत नाही. दोष आळसाचा नसून शिक्षणाचा आहे. त्या डोळ्याकडून येणारे संदेश वाचण्याचे शिक्षण मेंदूस योग्य वयात मिळाले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डोळा आणि मेंदू

पाहणे ही जन्मतः पूर्ण झालेली शक्ती नाही. नवजात अर्भकास प्रौढांच्या मानाने फारच अस्पष्ट दिसते. दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखणे, दोहोंकडून आलेल्या किंचित भिन्न चित्रांचे एक चित्र करणे आणि त्यावरून वस्तूची खोली व अंतर जाणणे, या गोष्टी पहिल्या काही महिन्यांत आकार घेतात. दृष्टीची तीक्ष्णता पुढे काही वर्षे वाढत राहते. या काळात दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट आणि एकमेकांशी जुळणारी चित्रे मेंदूस मिळत राहिली पाहिजेत. तशी ती न मिळाल्यास काय होते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रयोगांनी उघड केले.

अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन शास्त्रज्ञ मांजरांच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्राचा अभ्यास करीत होते. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांचा मोतीबिंदू मोठेपणी काढला, तरी त्यांची दृष्टी पुरती सुधारत नाही, असा वैद्यांचा जुना अनुभव होता. त्याचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी मांजरीच्या पिलांची एका डोळ्याची पापणी काही आठवडे मिटून ठेवली आणि मग ती उघडली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी सर्वांस विचार करावयास लावले. एरवी दृष्टिक्षेत्रातील बहुसंख्य पेशी दोन्ही डोळ्यांच्या संदेशांना प्रतिसाद देतात. या पिलांत मात्र जवळजवळ सर्व पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या. मिटलेला डोळा निरोगी असूनही त्याचे ऐकणारे मेंदूत कोणी उरले नव्हते. प्रौढ मांजराचा डोळा तसाच तीन महिने मिटून ठेवला, तरी असा परिणाम झाला नाही. उलट, चौथ्या-पाचव्या आठवड्यातील पिलाचा डोळा अवघे तीन-चार दिवस मिटला, तरी मोठा फरक पडला. आयुष्यातील एका ठराविक काळातच ही घडण होते, असा याचा अर्थ होता. या दोघांना १९८१ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

त्यांच्या पुढील प्रयोगांतील एक गोष्ट विशेष उद्बोधक आहे. दोन्ही डोळे मिटून ठेवले, तर दोहोंचे नुकसान दुप्पट व्हावे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात तशा पिलांत अपेक्षेहून बऱ्याच अधिक पेशी प्रतिसाद देणाऱ्या आढळल्या. यावरून असे अनुमान निघाले, की एका डोळ्याचे नुकसान केवळ त्यास काम न मिळाल्याने होत नाही. मेंदूतील जागेसाठी दोन डोळ्यांत जी चढाओढ चालते, तीत जो डोळा मागे पडतो त्याची जागा दुसरा घेतो. दृष्टिमांद्याची बहुतेक कारणे आणि त्यावरील उपचार या एका सूत्राने समजून घेता येतात.

तीन कारणे

पहिले कारण तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना वळले, तर मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रे जातात. मोठ्या माणसास अशा वेळी एकाचे दोन दिसू लागते. लहान मुलाचा मेंदू या गोंधळातून वाट काढतो. तो वळलेल्या डोळ्याचे चित्र दाबून टाकतो. त्या क्षणापुरता हा उपाय सोयीचा असतो, पण तो महिनोन्‌महिने चालू राहिला, की त्या डोळ्याची दृष्टी विकसित होत नाही. काही मुलांत मात्र कधी उजवा, तर कधी डावा डोळा वळतो आणि दोन्ही डोळे आळीपाळीने वापरले जातात. अशा मुलांत बहुधा दृष्टिमांद्य होत नाही. चढाओढीचे सूत्र येथेही लागू पडते.

दुसरे कारण दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावत. हे कारण सर्वांत फसवे आहे; कारण अशा मुलाचे डोळे सरळ असतात, ते धावते, खेळते, वाचते आणि पाहणाऱ्यास काहीही खटकत नाही. येथे दूरदृष्टितेचा प्रकार अधिक घातक ठरतो. दूरदृष्टिता असलेल्या डोळ्यास स्पष्ट दिसण्यासाठी भिंगाचा आकार बदलण्याचे श्रम करावे लागतात आणि हे श्रम दोन्ही डोळ्यांत सारखेच होतात. कमी नंबराच्या डोळ्याचे चित्र स्पष्ट झाले, की मेंदूचे काम भागते आणि श्रम तेथेच थांबतात. मग जास्त नंबराच्या डोळ्यास दूरचे वा जवळचे, कोणत्याही अंतरावरचे चित्र कधीच स्पष्ट मिळत नाही. निकटदृष्टितेत तसे नसते. जास्त नंबराच्या डोळ्यासही जवळची वस्तू, हातातील खेळणे वा पुस्तक, स्पष्ट दिसू शकते. म्हणून दूरदृष्टितेत दीड अंकाची तफावतही धोक्याची ठरू शकते. निकटदृष्टितेत त्याहून बरीच मोठी तफावत असावी लागते. पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसणे, हा दोष एका डोळ्यात अधिक असला तरी परिणाम तोच होतो. क्वचित दोन्ही डोळ्यांचा नंबर मोठा असून चष्मा मिळालेला नसेल, तर दोन्ही डोळे मंद राहतात.

तिसरे कारण प्रकाशाच्या वाटेतील अडथळा. जन्मजात मोतीबिंदू, बाहुलीवर लोंबणारी पापणी, इजेमुळे, जंतुसंसर्गाने अथवा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने पारपटलावर पडलेले फूल, हे त्याचे प्रकार होत. ते संख्येने थोडे असले, तरी त्यांचे परिणाम सर्वांत गंभीर असतात आणि त्यांत वेळेचे मोलही सर्वांत अधिक असते. एका डोळ्यातील दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या सहा आठवड्यांच्या आसपास काढला जाणे इष्ट मानले जाते. जेथे आठवड्यांचा हिशेब आहे, तेथे 'मूल जरा मोठे होऊ द्या' हा प्रेमळ सल्ला मुलाचे अपरिमित नुकसान करतो.

समजुती आणि वास्तव

वरील कारणांपैकी तिरळेपणा तेवढा सर्वांस दिसतो, म्हणून समजुतींचे रानही त्याच्याभोवतीच माजलेले आहे. गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले, पाळण्यावरचे खेळणे फार जवळ टांगले, कोणाची दृष्ट लागली, अशी कारणे सांगितली जातात. कोठे तिरळे मूल भाग्याचे समजतात, तर कोठे त्यास 'चकणा' म्हणून आयुष्यभर चिडवतात. भाग्य मानणारे आणि चिडवणारे, दोघेही त्या मुलास वैद्यापर्यंत पोहोचू देत नाहीत, हे त्यांच्यातील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

वास्तविक तिरळेपणाची कारणे पुष्कळ आहेत. तो काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या, जन्मतः वजन कमी असलेल्या किंवा मेंदूस इजा झालेल्या मुलांत त्याचे प्रमाण अधिक असते. दूरदृष्टितेचा मोठा नंबर असलेले मूल दोन-तीन वर्षांचे झाले, की पाहण्याचे श्रम करताना त्याचा डोळा नाकाकडे वळू लागतो. कारण भिंगाचे श्रम आणि डोळे आत वळणे या क्रिया एकमेकींशी जोडलेल्या आहेत. अशा पुष्कळ मुलांत नुसता योग्य चष्मा दिला, तरी डोळा सरळ होतो. चष्म्याने डोळे बिघडतात, हा समज किती उलटा आहे, हे यावरून दिसून येईल.

'वाढत्या वयाबरोबर तिरळेपणा आपोआप जातो', हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यात सत्याचा अंश एवढाच, की पहिल्या तीन-चार महिन्यांत अर्भकाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे भरकटतात आणि पुढे स्थिरावतात. शिवाय नाकाचा पूल रुंद असल्यामुळे काही बाळे तिरळी नसताना तिरळी दिसतात. परंतु चार महिन्यांनंतर दिसणारा, अथवा केव्हाही सतत राहणारा तिरळेपणा नेत्रवैद्यास दाखवलाच पाहिजे. याचे आणखी एक कारण आहे. दृष्टिपटलाचा कर्करोग हा लहान मुलांचा दुर्मीळ, पण जिवावर बेतणारा विकार कधीकधी प्रथम तिरळेपणाच्या रूपाने, किंवा बाहुलीत दिसणाऱ्या पांढुरक्या चमकेच्या रूपाने प्रकट होतो. छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली तांबूस आणि दुसऱ्याची पांढरी दिसली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

उपचार : चष्मा, पट्टी आणि धीर

चांगला डोळा झाकून मंद डोळ्यास कामास लावावे, ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने १७४३ साली तिरळेपणावर निबंध वाचला, त्यात हा उपाय सांगितला होता. तो का लागू पडतो याचा उलगडा मात्र दोनशेहून अधिक वर्षांनी, वर वर्णिलेल्या प्रयोगांमुळे झाला. बलवान डोळ्यास काही वेळ चढाओढीतून बाजूस केले, की दुर्बळ डोळ्यास मेंदूत आपली जागा परत मिळवता येते.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे वाटेतील अडथळा दूर करणे आणि योग्य चष्मा देणे. नंबरांतील तफावतीमुळे झालेल्या दृष्टिमांद्यात काही मुलांची दृष्टी केवळ चष्म्याने पूर्ववत होते. तेवढ्याने न भागल्यास पट्टी येते. पट्टी दिवसभर बांधावी लागते, या धास्तीने पूर्वी अनेक पालक उपचार सोडून देत. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सात वर्षांखालील १८९ मुलांचा अभ्यास करण्यात आला. मध्यम प्रतीच्या दृष्टिमांद्यात रोज दोन तास पट्टी बांधलेली आणि रोज सहा तास बांधलेली मुले चार महिन्यांनंतर सारखीच सुधारलेली आढळली. चांगल्या डोळ्यात ॲट्रोपीनचे थेंब घालून त्याची जवळची दृष्टी तात्पुरती धूसर करण्याची पद्धतही पट्टीच्या तोडीची ठरली आहे. ही साधने साधी असली, तरी ती वैद्याच्या देखरेखीखालीच वापरावयाची असतात. पट्टी अवाजवी काळ बांधली, तर झाकलेला चांगला डोळाच मंद होण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेविषयीही एक गैरसमज दूर झाला पाहिजे. स्नायूंवरील शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, पण त्याची मंद दृष्टी तेवढ्याने परत येत नाही. त्यासाठी चष्मा आणि पट्टी यांस पर्याय नाही.

या उपचारास औषधापेक्षा धीर अधिक लागतो. पट्टी बांधलेले चार वर्षांचे मूल त्या वेळी मंद डोळ्यानेच पाहत असते. ते अडखळते, चिडते, पट्टी ओढून काढते. आईने ती पुन्हा लावावयाची, त्या वेळात चित्र रंगवणे, मणी ओवणे, गोष्टीचे पुस्तक पाहणे अशा बारीक कामांत त्यास गुंतवावयाचे आणि हे महिनोन्‌महिने करावयाचे. शेतात वा कारखान्यात जाणाऱ्या आईस हे एकटीने जमणे कठीण आहे. अंगणवाडीताई आणि शिक्षक यांनी ते दोन तास आपल्या देखरेखीखाली घेतले आणि पट्टीवाल्या मुलाची थट्टा होऊ दिली नाही, तर कित्येक डोळे वाचतील. हे काम वैद्यकाचे नाही, असे म्हणून शाळेने अंग काढून घेणे उचित नव्हे.

वय उलटल्यावर काय?

सात-आठ वर्षांनंतर काहीही करता येत नाही, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. आता ते तितकेसे खरे राहिलेले नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, सात ते सतरा वर्षे वयाच्या ५०७ रुग्णांच्या चाचणीत असे दिसले, की सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी ज्यांना चष्म्याबरोबर पट्टी आदी उपचार मिळाले, त्यांतील ५३ टक्क्यांची दृष्टी लक्षणीय सुधारली. नुसत्या चष्म्याने हे प्रमाण २५ टक्के होते. तेरा ते सतरा वर्षांच्या ज्या मुलांवर पूर्वी कधीच पट्टीचा वा थेंबांचा उपचार झाला नव्हता, त्यांतीलही काहींना लाभ झाला.

भारतातही या प्रश्नावर मोलाचे संशोधन झाले आहे. पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या दृष्टीचा पुढील विकास अभ्यासला गेला. दृष्टी नव्याने मिळालेला जन्मांध मनुष्य, स्पर्शाने ओळखीची असलेली वस्तू नुसती पाहून ओळखील काय, असा प्रश्न मॉलिन्यू याने १६८८ साली तत्त्ववेत्ता लॉक यास विचारला होता. २०११ साली या उपक्रमातील आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांच्या अभ्यासातून त्याचे उत्तर मिळाले. प्रारंभी त्यांना तसे ओळखता आले नाही, परंतु थोड्याच दिवसांत ते जमू लागले. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या अशा मुलांनी उपयुक्त दृष्टी कमावली. तथापि त्यांच्या दृष्टीची तीक्ष्णता सामान्यांहून कमीच राहिली. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवावयास हव्यात. मोठ्या वयाच्या मुलास उपचार नाकारू नयेत आणि लहान मुलाच्या उपचारास विलंब लावू नये.

पहिली तपासणी केव्हा व्हावी?

हॉलंडमधील नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन याने १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला आणि दृष्टी मोजण्याचे एक सर्वमान्य माप जगास मिळाले. त्या तक्त्याने फार मोठे काम केले आहे. पण त्याबरोबर एक चुकीची समजूतही रूढ झाली, की अक्षर ओळखणारे मूलच तपासता येते. चित्रांचे तक्ते आणि चार दिशांना फिरवलेल्या एकाच चिन्हाचे तक्ते आता उपलब्ध आहेत. 'याचे पाय कोणत्या बाजूस आहेत, ते बोटांनी दाखव' एवढे सांगितले, की तीन-चार वर्षांची पुष्कळशी मुले उत्तर देऊ शकतात. बोलताही न येणाऱ्या बाळाची पारख याहून सोपी आहे. त्याचा एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहावा. एक डोळा झाकल्यावर ते शांत राहत असेल आणि दुसरा झाकताच रडून हात झटकत असेल, तर त्याने आपली तक्रार स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे, असे समजावे.

इतर देशांनी हा मार्ग पूर्वीच धरला आहे. स्वीडनमध्ये चार वर्षांच्या मुलांची दृष्टी तपासण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात देशभर रुळली; तेथील २००१ सालच्या अहवालानुसार तपासणी व उपचार यांमुळे तीव्र दृष्टिमांद्याचे प्रमाण २ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. इंग्लंडमध्ये चार ते पाच या वयात अशा तपासणीची शिफारस आहे. अमेरिकेत तीन ते पाच या वयात निदान एकदा ती व्हावी, असा तेथील तज्ज्ञमंडळाचा सल्ला आहे.

भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात शालेय मुलांच्या नेत्रतपासणीस स्थान मिळाले. २०१३ सालच्या फेब्रुवारीत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत असून, फिरत्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावे, अशी योजना आहे. अर्थात चौकट तयार आहे; तिच्यात दृष्टीस योग्य वयाची जागा मिळाली पाहिजे. प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी प्रत्येक अर्भकाच्या बाहुलीतील तांबूस चमक पाहिली जावी. चार महिन्यांनंतर दिसणारा तिरळेपणा त्वरित वरच्या रुग्णालयाकडे पाठवला जावा. आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाचा प्रत्येक डोळा एकदा स्वतंत्रपणे, दुसरा पुरता झाकून, तपासला जावा व त्याची नोंद मुलाच्या आरोग्यपत्रिकेत व्हावी. एवढ्यासाठी नव्या संस्थेची आवश्यकता नाही.

आक्षेपांचा विचार

या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. लहान वयातील तपासणीत काही निर्दोष मुले सदोष ठरतात. त्यांच्या पालकांची एक खेप वाया जाते आणि जिवास घोर लागतो. लहान मुलांच्या डोळ्यांचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. दुर्गम गावच्या मजुरास तेथपर्यंत जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. हे सर्व खरे आहे. परंतु याचा अर्थ तपासणी करू नये असा होत नाही. तपासणीनंतरची वाटही बांधून काढावी, असा होतो. दोष शोधून पालकांच्या हाती केवळ चिठ्ठी देणे हे अर्धे काम आहे. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांचा नंबर काढण्याची सोय आणि लहान चेहऱ्यास बसेल असा विनामूल्य चष्मा, या दोन गोष्टी तपासणीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

एका डोळ्याने भागते, मग एवढा खटाटोप कशास, असाही प्रश्न विचारला जातो. मन्सूर अली खान पतौडी यांनी १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली आणि तरीही पुढल्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. एका डोळ्याने मनुष्य मोठे कर्तृत्व गाजवू शकतो, यात संशय नाही. पण म्हणून तो अपघात टळला असता तर बरे झाले नसते, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय ज्याचा एक डोळा मंद आहे, तो आयुष्यभर दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर जगतो. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, दृष्टिमांद्य असलेल्या शंभर व्यक्तींत निदान १.२ व्यक्तींची दृष्टी, चांगला डोळा गेल्यामुळे, आयुष्यात केव्हातरी गंभीररीत्या अधू होते, असे अनुमान काढले. विटीदांडूच्या खेळात उडालेली विटी, सणातील फटाका, शेतातील काटा, यंत्रावरील लोखंडाचा कण, यांपासून भारतातील डोळे अधिक सुरक्षित आहेत, असे मानण्यास आधार नाही. सैन्यदलांत आणि रेल्वेचे इंजिन चालवण्याच्या कामावर घेताना दोन्ही डोळ्यांची कसोटी लागते; तेथे अठराव्या वर्षी प्रथमच आपला एक डोळा मंद असल्याचे कळणारा तरुण कोणास दोष देणार?

हा प्रश्न त्या तरुणावर सोडून चालणार नाही, कारण ज्या काळात त्यावर सहज उपाय होता, त्या काळात त्यास बोलताही धड येत नव्हते. त्याच्या वतीने पाहण्याची जबाबदारी आईबाप, अंगणवाडी, शाळा आणि शासन यांची होती. तक्त्यासमोर बोटांच्या फटीतून डोकावणारा चौथीतील तो मुलगा अद्याप नऊ वर्षांचाच आहे. त्याच्यावरील उपचार आजच सुरू झाले पाहिजेत आणि त्यांचा लाभ होण्याची आशाही बरीच आहे. परंतु त्याच घरात त्याची तीन वर्षांची धाकटी बहीण आहे. एकाच कुटुंबात हे दोष पुन्हा आढळण्याचा संभव असतो. तिचा एकेक डोळा झाकून पाहण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही, आणि ती शाळेत जाईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.